काळ्या टायरांची गाडी

नमिता देवरेला माहेरी आडमुठी म्हणत आणि सासरी स्पष्टवक्ती. कतारमध्ये, दोह्यातल्या नोकरीत लोक पाठीमागे काय म्हणतात, याची तिने कधी चौकशी केली नव्हती. नाशिकला सातपूरच्या कारखान्यांत मशिनं दुरुस्त करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. नवऱ्याला, पियूषला, इकडे गॅस कंपनीत काम मिळालं तशी तीही मुलीला, नुपूरला, घेऊन अल सद्दच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. चार भिंतींत बसून तिचा जीव रमेना, म्हणून इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामाच्या कंपनीत ती इक्विपमेंट इंजिनिअर म्हणून लागली. तिथल्या सगळ्या फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या दात्यांवर माल उचलणाऱ्या गाड्या, तिच्या ताब्यात. कोणती गाडी कुठे चालवायची, कोणती बंद ठेवायची, टायर कधी बदलायचे, हे तिने ठरवायचं.

टायरच्या बाबतीत ती फार काटेकोर होती. गोदाम एक असलं तरी जमीन एकसारखी नव्हती. मागच्या अंगणात खडी आणि वाळू, तिथे हवा भरलेले जाड टायर. भंगार लोखंडाच्या बाजूला खिळे आणि पत्र्याचे तुकडे पडलेले असत, तिथे हवेचे टायर तासाभरात बसले असते, म्हणून त्या गाड्यांना भरीव रबराचे. आत गुळगुळीत फरशीवर रॅकच्या अरुंद गल्ल्यांतून फिरणाऱ्या गाड्या ठेंगण्या, त्यांच्या लोखंडी चाकावर रबराचं कडं यंत्राने दाबून बसवलेलं. ही गाडी चुकून खडीवर नेली की पोट घासलंच म्हणून समजा. आणि खाण्याच्या वस्तूंच्या हॉलमध्ये पांढरे टायर, कारण तिथे फरशीवर काळी रेघ उमटलेली कुणाला खपत नसे.

पांढरे टायर दिसायला छान. पण रबरातली काजळी काढून टाकल्याशिवाय टायर पांढरा होत नाही, आणि ती काजळीच रबराला चिवट करते, गाडीत साठणारी वीज जमिनीत उतरवते. पांढऱ्या टायरची गाडी पळता पळता अंगात वीज धरून ठेवते. हिवाळ्यात, कोरडा वारा सुटला की, त्या हॉलमधले ड्रायव्हर गाडीवरून उतरताना लोखंडी रॅकला हात लागला तर चटका खात आणि एकमेकांना हसत. बिस्किटांच्या खोक्यांमध्ये अशा ठिणगीने काही बिघडत नव्हतं.

थिनरच्या खोलीची गोष्ट वेगळी होती. गोदामाच्या टोकाला रंग आणि थिनरची पिंपं ठेवलेली ती खोली. एका कोपऱ्यात मोठ्या पिंपांतून लहान डब्यांत थिनर ओतण्याचं काम चाले. पंखे कितीही फिरले तरी नाकाला झोंबणारा वास तिथून हलत नसे. त्या खोलीत एकच गाडी जायची, ठिणगी उडू नये अशी खास बांधून घेतलेली, आणि तिचे टायर वीज जमिनीत सोडणारे, काळेकुळकुळीत. गाडी चालवायला रमीज मुकादम. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचा, चाळिशी ओलांडलेला, मोजकं बोलणारा. नमिता त्याला रमीजभाई म्हणे, तो तिला मॅडम. दोघांचं बोलणं मराठीतून चाले, आणि बाकी सगळा दिवस हिंदी-इंग्रजीत गेल्यावर दोघांनाही तेवढंच बरं वाटे.

गोदामात तिसरा मराठी माणूस म्हणजे ऑपरेशन्स मॅनेजर गिरीश टिळेकर. पुण्याचा, गोडबोल्या, बरीच वर्षं इथे मुरलेला. देवरे कुटुंब आलं तेव्हा फ्लॅट त्यानेच मिळवून दिला होता. त्याच्या बायकोने, शोभाने, नुपूरच्या शाळेच्या प्रवेशासाठी खेटे घातले होते. सणावारी दोन्ही घरांचं येणं-जाणं होतं. त्यामुळे जानेवारीत जे झालं, ते परक्या माणसाशी झालं असतं तर नमिताला इतकं जड गेलं नसतं.

औषधांची एक मोठी कंपनी गोदामात जागा घेणार होती. त्यांची माणसं बुधवारी पाहणीला येणार म्हणून गिरीशने मधल्या रस्त्याच्या फरशीवर फिक्या राखाडी रंगाचा थर मारून घेतला. फरशी आरशासारखी झाली. आणि पहिल्याच सकाळी थिनरच्या खोलीची गाडी त्यावरून गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन काळे पट्टे.

गिरीशने नमिताला केबिनमध्ये बोलावलं.

"रमीजच्या गाडीलाही पांढरे टायर टाक."

"सर, ती थिनरची गाडी आहे."

"माहीत आहे मला. बुधवारपुरतं टाक. गुरुवारी काढ."

"एक दिवस का होईना, नाही टाकता येणार."

"नमिता, मला शिकवू नकोस. मीही इंजिनिअरच आहे. मागे एक साखळी लोंबत सोड जमिनीपर्यंत, वीज उतरेल."

"साखळी चालताना उडत राहते, वीज उतरेलच असं नाही. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीने काळे टायर दिलेत, काळेच राहतील. पाहुणे येतील तेवढा वेळ खोली बंद ठेवू."

"त्याच दिवशी थिनर न्यायला लॉऱ्या येणार आहेत. आणि पाहुण्यांना काय, बंद पडलेलं गोदाम दाखवू?"

"मग पट्टे दिसू देत. मी माणसं लावून सकाळी पुसून घेते."

गिरीश खुर्चीत मागे रेलला. आवाज मऊ केला. "इतकी वर्षं झाली त्या खोलीला. कधी काही झालंय?"

"नाही झालं, सर. तिथे आजवर काळेच टायर होते."

त्याने समोरची फाईल उघडली. नमिताला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. मंगळवारी सकाळी ती कामावर आली तर रमीजची गाडी आपल्या जागी उभी, आणि चारही चाकं दुधासारखी पांढरी. आदल्या दिवशी ती मागच्या अंगणातलं काम आटोपून परस्पर घरी गेल्यावर गिरीशने टायरवाल्याची लॉरी बोलावली होती. लॉरीवरच्या दाबयंत्राने जुनी कडी उतरवून नवी बसवली होती. नमिता गाडीभोवती एक चक्कर मारून आली. तिला राग आला, पण त्याहून जास्त धक्का बसला. आपल्या माणसाने आपल्या पाठीमागे हे केलं.

तिने गाडीची चावी काढून खिशात टाकली आणि सीटवर 'बंद' असा लाल बिल्ला अडकवला. तेवढ्यात रमीज आला.

"मॅडम, चावी?"

"ही गाडी चालणार नाही, रमीजभाई. टायर चुकीचे आहेत."

रमीजने चाकांकडे बघितलं. त्याला नवं काही सांगण्याची गरज नव्हती. पण चेहरा उतरला, आणि मग तो हलक्या आवाजात, पण जोरात बोलल्यासारखा बोलला.

"तुमचं बरं आहे, मॅडम. तुमचे साहेब कमावतात. तुम्हाला काढलं तर तुम्ही घरी बसाल. मला काढलं तर मी कुठे बसू? लेकीचं, तय्यबाचं, बारावीचं वर्ष आहे तिकडे गावाला. गाडी बंद करताय तुम्ही, आणि शिव्या खायच्या मी."

तो खोटं बोलत नव्हता. "कुणी विचारलं तर माझं नाव सांगा," ती म्हणाली. "चावी मॅडमने नेली म्हणा. तुम्ही मागितली आणि मी दिली नाही."

"आणि त्यांनी दुसरी चावी दिली तर?"

"तर तुमचं तुम्ही ठरवा. मी तुम्हाला हुकूम देणार नाही."

तो मान हलवत निघून गेला. ती मान होकाराची होती की नकाराची, ते तिला कळलं नाही.

गिरीशने दिवसभर तिला बोलावलं नाही. संध्याकाळी ती घरी चपात्या लाटत होती तेव्हा शोभाचा फोन आला. आधी तिळगुळाच्या समारंभाचं बोलणं झालं, कोण काय आणणार ते ठरलं, आणि मग शोभा म्हणाली, "अगं, गिरीश फार ताणात आहेत गं. तुझं काही म्हणणं असेल ते बरोबरच असेल. पण बुधवार निभावून ने की. घरच्यासारखं आहे आपलं."

"घरच्यासारखं आहे म्हणूनच त्यांना तोंडावर नाही म्हटलं, शोभाताई. परक्याला नुसता मेल पाठवला असता."

शोभा म्हणाली, "बघ बाई." आणि फोन ठेवला.

जेवताना पियूष म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेतेस? तू लेखी कळव, की तुझी जबाबदारी संपली. पुढे काय व्हायचं ते त्याच्या डोक्यावर."

"पियूष, त्या खोलीत माणसं काम करतात. उद्या ठिणगी पडली तर ती काय त्याचं डोकं बघून पडणार आहे?"

"हजारातून एकदा होतं असं."

"मग उद्या तू जाऊन उभा राहतोस त्या कोपऱ्यात? थिनर ओतत असतील तेव्हा?"

पियूषने ताटातली भाजी उगाच इकडची तिकडे केली. तो वाईट माणूस नव्हता. परदेशात नोकरी करणाऱ्याला जी धास्ती असते ती त्यालाही होती, आणि बायकोमुळे ती आज जरा वाढली होती. नुपूर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई इज राइट, बाबा. यू नो शी इज."

"मला माहीत आहे ती बरोबर आहे," पियूष म्हणाला. "म्हणूनच तर भीती वाटते."

बुधवारी सकाळी नमिता लवकर पोचली. बाहेर वारा सुटला होता, अंगावर बारीक वाळू बसत होती. थिनरच्या खोलीसमोर दोन लॉऱ्या लागलेल्या, त्यांचे ड्रायव्हर कागदी कपातून कडक चहा पीत उभे. राखाडी फरशी पुसून लख्ख केलेली. आणि त्या फरशीवर, थिनरच्या खोलीकडे तोंड करून, रमीज गाडीच्या सीटवर बसलेला. लाल बिल्ला काढून खाली टाकला होता. शेजारी गिरीश, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फोन.

"दुसरी चावी माझ्याकडे होती," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "रमीज, यल्ला, चल. पहिली चार पिंपं बाहेर काढ."

नमिता चालत गेली आणि खोलीचं शटर आणि गाडीचे दाते यांच्या मधोमध उभी राहिली. तिने असं ठरवून ठेवलं नव्हतं. केबिनमध्ये जाऊन बोलू, हेड ऑफिसला फोन लावू, असं काहीबाही तिच्या मनात होतं. पण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाय आपोआप तिकडे गेले.

"बाजूला हो," गिरीश म्हणाला.

"नाही होणार."

"तमाशा करू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत. मी इथेच उभी आहे. गाडी आत न्यायची तर माझ्या अंगावरून न्यावी लागेल."

"नमिता, मी तुझ्यासाठी काय काय केलंय, आठवतंय ना?"

"सगळं आठवतंय. फ्लॅट मिळवून दिलात, शाळा मिळवून दिलीत. त्या बदल्यात माझा जीव मागितलात तर एक वेळ विचार करीन. यांचा जीव माझा नाही, तो मी देऊ शकत नाही."

तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने पाय जरा फाकवून घट्ट रोवले होते. लॉरीवाल्यांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी कप खाली ठेवले होते. गाडीचा आवाज चालूच होता. नमिताने रमीजकडे मुद्दामच बघितलं नाही. त्याच्यावर नजरेचं ओझं टाकायचं तिच्या मनात नव्हतं.

गाडी बंद झाली.

रमीज खाली उतरला. चावी काढून त्याने सीटवर ठेवली, गिरीशच्या हातात दिली नाही. "मला जमणार नाय, साहेब."

"रमीज, विचार करून बोल."

"केला विचार. काल घरी फोन केला तेव्हापासून तोच करतोय. दुसरा ड्रायव्हर बघा. खलास."

दुसरा ड्रायव्हर नव्हता. त्या खोलीत गाडी न्यायचं प्रशिक्षण गोदामात एकट्या रमीजला होतं, आणि परवानगी नसलेला माणूस पाहणीच्या दिवशी त्या गाडीवर बसवण्याइतका गिरीश वेडा नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार तोच गेटवरून फोन आला. पाहुणे पोचले होते.

पाहुण्यांत तिघे जण होते. एक वयस्क कतारी गृहस्थ, त्यांचा साहाय्यक, आणि दर्जा तपासणाऱ्या एक बाई. गिरीशने चेहऱ्यावर हसू आणलं, मधल्या रस्त्याने त्यांना फिरवलं, नव्या फरशीचं कौतुक करून घेतलं. थिनरच्या खोलीसमोर आल्यावर रस्त्यात उभी असलेली गाडी बघून त्या बाईंनी विचारलं, ही का थांबली आहे.

"दुरुस्तीला काढली आहे," गिरीश इंग्रजीत म्हणाला.

"दुरुस्तीला नाही," नमिता म्हणाली. "मी थांबवली आहे. हिचे टायर या खोलीसाठी चुकीचे आहेत. बदलल्याशिवाय ती आत जाणार नाही."

गिरीशने जबडा आवळला. बाईंनी चाकांकडे पाहिलं, मग नमिताच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं. "कधी बदलणार?" एवढंच विचारलं.

"आज."

बाईंनी मान हलवली आणि ते पुढे गेले. कौतुक नाही, आणखी प्रश्न नाहीत. नमिताला मागाहून वाटलं, आपण बोललो ते त्यांना नीट ऐकू तरी गेलं का.

पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर पडल्याबरोबर तिने टायरवाल्याला फोन लावला. कोणी सांगितलं म्हणून विचारलं तर स्वतःचं नाव सांगितलं. लॉरी आली तशी ती दाबयंत्राशेजारी जाऊन उभी राहिली. पांढरं कडं चाकावर घट्ट बसलेलं, सहज सुटेना. वरून काळं कडं ठेवून यंत्राने दाब दिला, तसं ते करकरत खाली सरकलं आणि धप्पकन पडलं. चारही चाकं होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग रमीज गाडीवर चढला आणि ताटकळलेल्या लॉऱ्या भरायला लागला. राखाडी फरशीवर पुन्हा दोन काळे पट्टे उमटले.

गिरीशने तिला रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, बोलावलं. समोर पाण्याचा ग्लास होता, तो त्याने तिच्याकडे सरकवला नाही.

"शहराबाहेर, मेसईदच्या वाटेवर आपलं पाइपांचं यार्ड आहे. तिथे इंजिनिअर नाही. उद्यापासून तू तिथे."

"ही शिक्षा आहे का, सर?"

"ही बदली आहे."

"मग तसं समजून जाते. पण एक सांगून जाते. या खोलीच्या गाडीला पुन्हा पांढरे टायर लागल्याचं मला कळलं, तर मी तिथून येईन आणि गाडी पुन्हा बंद करीन. तुम्हाला विचारायला थांबणार नाही."

"तू स्वतःला समजतेस काय?"

"इंजिनिअर," नमिता म्हणाली. "तुम्हीच ठेवलंत मला."

निघताना ती रमीजला भेटली. त्याला काढलं नव्हतं, काढून चालणार नव्हतं. पण त्याच्या गावी जायच्या सुट्टीची तारीख मात्र पुढे ढकलली गेली होती, आणि त्याचा सल त्याच्या बोलण्यात होता. नमिताने आभार मानायला तोंड उघडलं तर त्याने हात वर करून थांबवलं.

"मी तुमच्यासाठी नाय उतरलो, मॅडम. गैरसमज नको. त्या खोलीत रोज मी असतो. मी माझ्यासाठी उतरलो."

"बरं केलंत."

"तुम्ही पण बरं केलंत," तो म्हणाला, आणि गाडीकडे वळला.

औषधांच्या कंपनीने पुढच्या महिन्यात जागा घेतली. गिरीशने सगळ्यांना पेढे वाटले असं नमिताच्या कानावर आलं. त्याआधी तिळगुळाच्या समारंभाला ती गेली, शोभाच्या हातावर तिळगूळ ठेवला, शोभानेही तिच्या हातावर ठेवला. गोड बोलण्यापलीकडे दोघींचं काही बोलणं झालं नाही.

सोमवारी ती जिथे रुजू झाली ते पाइपांचं यार्ड म्हणजे उघड्या वाळवंटात तारेचं कुंपण घातलेली जागा. झाड नाही, सावली नाही, पत्र्याची एक केबिन आणि तिच्यात धापा टाकणारा एसी. यार्डाचा सुपरवायझर फजल सरखोत, श्रीवर्धनकडचा, पोट सुटलेला आणि हसरा. मॅडम मराठी आहेत कळल्यावर त्याने लगेच केबिनमधली बरी खुर्ची त्यांना दिली.

"आरामात बसा, मॅडम. इथे कोणी फिरकत नाय. पाइप उचलायचे, पाइप ठेवायचे. दुसरं काय काम नाय."

नमिता बसली नाही. बूट बांधून बाहेर गेली. खडीवर तीन मोठ्या फोर्कलिफ्ट लांब पाइप घेऊन ये-जा करत होत्या. दोन ठीक होत्या, टायरांत हवा बरोबर, नक्षी शाबूत. तिसरी वळताना एका बाजूला कलत होती आणि दात्यांवरचे पाइप घरंगळल्यासारखे कडेला सरकत होते. तिने हात करून ती थांबवली आणि वाकून बघितलं. पुढे डावीकडे हवेचा टायर, झिजून आतले धागे दिसणारा. उजवीकडे कोणीतरी भरीव टायर बसवून दिलेला. एक दबणारा, एक न दबणारा, आणि वर टनावारी लोखंड.

"हे कधीपासून आहे?" तिने मागे आलेल्या फजलला विचारलं.

"झाले असतील दोन-तीन महिने. पंक्चर व्हायचा सारखा, म्हणून शेजारच्या यार्डातून मागून लावला. चालते की गाडी."

"कलते. पाइप खाली घ्या आणि हिला ठोकळ्यांवर चढवा."

"मॅडम, दुपारी ट्रेलर येणार आहे. पहिल्याच दिवशी असं..." फजलचं हसू जरा आटलं. "टिळेकर साहेबांना विचारून घेऊ का?"

"विचारा. त्यांचा नंबर आहे ना तुमच्याकडे? तोपर्यंत पाइप उतरवून घ्या."

फजलने फोन काढला, तिच्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, फोन परत खिशात ठेवून ड्रायव्हरला हाक मारली.

जेवणाच्या सुट्टीत ती केबिनच्या पायरीवर डबा उघडून बसली. वाळूचे कण पोळीत कचकचत होते. समोर ती गाडी लाकडी ठोकळ्यांवर, चाकं काढलेली. पियूषचा फोन आला.

"कशी आहे जागा?"

"धूळ आहे. माणसं बरी आहेत. एक गाडी बंद केली."

पियूष हसायला लागला, आधी दबून, मग मोकळेपणाने. "अगं, पहिल्याच दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी केली असती तर काय फरक पडला असता? ऐक, टायर यायला संध्याकाळ होईल. मी इथेच थांबते. नुपूरला क्लासला तू सोड."

"सोडतो," तो म्हणाला.

तिने डबा बंद केला, तोंडावर ओढणी घट्ट बांधली आणि दुसऱ्या दोन गाड्यांची चाकं तपासायला उन्हात निघाली.